उसन्या बळाचे राज्य

१९४८ च्या उन्हाळ्यात हैदराबाद संस्थानात सगळ्यात मोठा आवाज निजामाचा नव्हता आणि त्याच्या सेनापतीचाही नव्हता. तो लातूरच्या एका वकिलाचा होता. कासिम रझवी मूळचा उत्तर हिंदुस्थानातला, शिक्षण अलीगढचे, पण वकिली थाटली ती लातुरात. १९४६ मध्ये तो मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीनचा अध्यक्ष झाला आणि मजलिसचे स्वयंसेवक दल, म्हणजे रझाकार, त्याच्या हुकमतीत आले. आसफजाही झेंडा दिल्लीच्या लाल किल्ल्यावर लावू, बंगालच्या उपसागराच्या लाटा आमच्या बादशहाचे पाय धुतील, अशी भाषणे तो गावोगाव ठोकत असे.

नुसती बडबड म्हणून ती सोडून देता येत नाही, कारण तिच्यामागे एक हिशेब होता. हैदराबाद म्हणजे सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा मुलूख आणि १ कोटी ६३ लाख लोकवस्ती. स्वतःचा हाली सिक्का, स्वतःची रेल्वे, टपाल आणि फौज. पण समुद्रकिनारा नाही आणि चारी बाजूंनी भारतीय संघराज्य. अशा राज्याला मोठ्या शेजाऱ्याशी बरोबरीने लढता येणार नव्हते, हे लहान पोरालाही कळत होते. मग उरते एकच गोष्ट. हल्ला केलात तर फार महागात पडेल, असे शेजाऱ्याला वाटायला लावायचे. रझवीचा सारा खटाटोप त्यासाठी होता. तो का फसला, याचे उत्तर १९४८ च्या चार-पाच दिवसांत शोधले तर अर्धवट मिळते. आजच्या नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतले जुने किल्ले, छावण्या आणि लढाया पाहिल्या की कळते, हे राज्य दीडशे-दोनशे वर्षे दुसऱ्याच्या बळावर उभे होते.

या भागात सह्याद्रीचे कडे नाहीत. काळी जमीन, सपाट माळ, मध्येच बालाघाटचे उतार. त्यामुळे कंधार, उदगीर, औसा हे सगळे भुईकोट. कंधारची ठाणेदारी राष्ट्रकूटांपासूनची. त्यांनी बांधलेला जगत्तुंग सागर आजही गावाजवळ आहे. औशाचा किल्ला तर इतका खोलात बसवला आहे की लांबून येणाऱ्याला तट नीट दिसतच नाही. दुहेरी तटबंदी, रुंद खंदक, बुरुजांवर तोफा, आत विहिरी आणि कोठारे. भुईकोटाचे काम शत्रूला कायमचे थोपवणे हे नसते. त्याला अडकवून ठेवायचे, दाणागोटा खायला लावायचा, पावसाळा गाठून द्यायचा, आणि तेवढ्या वेळात बाहेरून कुमक आणायची. कुमक येणार, हा भरवसा दोन्ही बाजूंना असला तरच खंदकाला किंमत. घेरणाऱ्यालाही तो असावा लागतो, नाहीतर तो निवांत बसून राहतो.

शहाजहानच्या दक्षिण मोहिमेत हे दोनदा दिसले. १६३१ मध्ये नसिरी खानाने कंधारला वेढा घातला तेव्हा दख्खनी फौजा कुमकेला आल्या, बाहेर झटापटी झाल्या, पण वेढा उठला नाही. सुरुंगांनी तट फोडून मोगलांनी किल्ला घेतला. पाच वर्षांनी पाळी उदगीर आणि औशाची. १६३६ च्या मे महिन्यात विजापूरच्या आदिलशहाने शहाजहानशी तह केला आणि बुडालेल्या निजामशाहीची वाटणी झाली. उदगीरला सिद्दी मिफ्ताह आणि औशाला भोजबळ असे दोन किल्लेदार मात्र किल्ले खाली करायला तयार नव्हते. मोगल सरदार खान दौरानने वेढे दिले. ऐन पावसाळ्यात उदगीर भांडले ते सप्टेंबरच्या अखेरीस पडले, औसा ऑक्टोबरात. तट मजबूत होते, माणसे चिवट होती. फक्त ज्यांच्यासाठी ती लढत होती ते राज्यच नकाशावर उरले नव्हते. सिद्दी मिफ्ताहला पुढे मोगलांनी मनसब देऊन आपल्यात घेतले.

पुढे हा मुलूख आसफजाही निजामांकडे आला. किल्ले तेच राहिले, पण लढण्याची रीत बदलली. अठराव्या शतकाच्या मध्यावर दख्खनेत फ्रेंच सेनानी बुसीने कवायती पायदळ आणि चपळ तोफखाना आणला. काही वर्षे निजामाच्या दरबाराचा सारा रुबाब बुसीच्या पलटणींवर चालला. मराठे, पठाण, बंडखोर जहागीरदार, सगळे त्या तोफांना वचकून असत. मात्र तोफा बुसीच्या होत्या आणि बुसी पाँडिचेरीच्या हुकमाचा ताबेदार होता. १७५८ मध्ये इंग्रजांशी लढण्यासाठी फ्रेंचांनी त्याला परत बोलावले, आणि हैदराबादच्या धाकाचा कणाच निघून गेला.

मराठ्यांनी ही गोष्ट लगेच हेरली. १७५९ च्या नोव्हेंबरात अहमदनगरचा किल्ला त्यांनी जवळजवळ न लढता घेतला. बुसीच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी तोवर निजामाचा भाऊ निजाम अली याची नोकरी सोडून सदाशिवरावभाऊंकडे आला होता. म्हणजे निजामाचा तोफखान्याचा हुन्नर त्याच्याच विरुद्ध उभा राहिला. १७६० च्या जानेवारीत निजाम सलाबतजंग आणि निजाम अली यांची फौज उदगीरच्या परिसरात अडकली. मराठी घोडदळाने चारा आणि धान्य तोडले, गारद्यांच्या तोफा छावणीवर चालू लागल्या. धारूरकडे सरकून तिथल्या आपल्या लोकांना मिळावे, असा निजामाचा बेत होता. वाटेत ३ फेब्रुवारीला औशाजवळ मराठ्यांनी फौजेची पिछाडी कापून काढली. तहात निजामाला सुमारे ६० लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, विजापूर, बुऱ्हाणपूर अशी ठाणी सोडावी लागली.

उदगीरचा विजय पुढे पानिपतच्या सावलीत हरवला. बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडल्याची बातमी याच सुमारास दक्षिणेत पोहोचली आणि मार्चमध्ये भाऊसाहेब परतूरहून उत्तरेला निघाले. बरोबर इब्राहिमखानही होता. वर्षभरात पानिपतावर मराठ्यांची पिढी कापली गेली तसा निजाम अलीने गमावलेल्या मुलखापैकी बराच परत घेतला. या साऱ्या उलथापालथीतून त्याने एक धडा घेतला: चांगली पलटण बाहेरून आणता येते. दुसरा धडा, म्हणजे बाहेरून आणलेली पलटण बाहेरच्याच हुकमाने जाते, हा मात्र त्याने घेतला नाही.

पुन्हा तेच झाले. या वेळी रेमाँ नावाचा फ्रेंच कप्तान. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांशी गाठ पडली तेव्हा रेमाँच्या पलटणी बऱ्यापैकी लढल्या, पण रात्री निजाम घाबरून खर्ड्याच्या गढीत शिरला आणि सगळी फौज मागे विस्कटली. इंग्रज या लढाईत तटस्थ राहिले. तीन कोटी रुपये, मोठा मुलूख आणि ओलीस म्हणून स्वतःचा दिवाण देऊन निजामाने सुटका करून घेतली. त्यानंतर काही काळ रेमाँची फौज वाढत चौदा हजारांपर्यंत गेली. १७९८ च्या मार्चमध्ये रेमाँ मेला. १ सप्टेंबरला निजामाने इंग्रज कंपनीशी तैनाती फौजेचा तह केला. सहा पलटणी इंग्रजांच्या आणि त्यांच्यासाठी दरसाल २४ लाख १७ हजार १०० रुपये निजामाचे. ऑक्टोबरात फ्रेंचांच्या हाताखालच्या त्या चौदा हजारांना गोळी न झाडता निःशस्त्र केले गेले. हे सगळे तहाच्या कागदावर निजामाच्याच संमतीने.

या तहाने हैदराबादला मराठ्यांपासून आणि टिपूपासून सुरक्षितता मिळाली, हे खरेच. पण बदल्यात परराष्ट्र व्यवहार गेला आणि आपल्या राज्याचे रक्षण आपण करायचे असते, ही सवयही गेली.

त्याची गावपातळीवरची रूपे नांदेड भागात ठळक दिसतात. तैनाती फौजेशिवाय इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली निजामाच्या खर्चाने आणखी एक फौज उभी राहिली. आधी रसेल ब्रिगेड आणि नंतर हैदराबाद कंटिन्जंट ही तिची नावे. हदगावजवळच्या नव्ह्याच्या गढीत नोवसाजी नाईक या हटकर नाईकाने निजामाविरुद्ध बंड केले तेव्हा जानेवारी १८१९ मध्ये मेजर पिटमन याच फौजेनिशी चालून आला. गढीत अरब शिबंदी होती. तोफांनी आणि सुरुंगांनी तट पाडून हल्ला झाला आणि शिबंदीतली बहुतेक माणसे मारली गेली. पुढे हिंगोली आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, इथे कंटिन्जंटच्या छावण्या बसल्या. ही फौज परकी शत्रूविरुद्ध नव्हतीच. नाईक, देशमुख, जमीनदार यांना जरबेत ठेवणे आणि सारा वसूल होईल असे पाहणे, एवढेच तिचे काम. त्याच सुमारास दिवाण चंदूलालने महाराजा रणजितसिंगांकडून शीख शिपाई मागवले. लाहोरी फौज म्हणून ओळखली गेलेली ही माणसे वसुलीच्या आणि बंदोबस्ताच्या कामी लागली. नांदेडच्या गुरुद्वाराची आजची वास्तूही रणजितसिंगांच्याच काळात उभी राहिली. अरब, रोहिले, शीख, इंग्रज अधिकारी, फ्रेंच कप्तान: निजामाच्या शस्त्रधाऱ्यांत सगळे होते. कंधारचा किंवा निलंग्याचा कुणबी तेवढा नव्हता.

या उसन्या फौजेचे व्याज मुलखाने फेडले. कंटिन्जंटचा पगार तुंबत गेला आणि १८५३ मध्ये तो भागवण्यासाठी निजामाला वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे लावून द्यावा लागला. नळदुर्गला मेडोज टेलर अंमलदार म्हणून आला तो याच व्यवहारातून. नळदुर्ग आणि रायचूर १८६० मध्ये परत मिळाले. वऱ्हाड कधीच हातात आले नाही. गंमत पुढे आहे. १९०३ मध्ये कंटिन्जंट इंग्रजांच्या हिंदी लष्करात विलीन झाली आणि हिंगोलीची छावणी उठली. तिच्या पलटणींची १९२२ मध्ये एकोणिसावी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि २७ ऑक्टोबर १९४५ रोजी त्या रेजिमेंटचे नाव बदलून कुमाऊँ रेजिमेंट ठेवण्यात आले. अनेक दशके निजामाच्या तिजोरीतून पोसल्या गेलेल्या पलटणींचा वारसा अशा रीतीने दिल्लीच्या सैन्याकडे गेला, आणि तोही स्वातंत्र्य मिळण्याच्या आधी.

१५ ऑगस्ट १९४७ ला निजाम मीर उस्मान अली खान संघराज्यात सामील झाला नाही. त्याला हवे होते स्वतंत्र राज्य, निदान तसा दर्जा. २९ नोव्हेंबरला एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्यानुसार सिकंदराबाद आणि बोलारम इथली हिंदी फौज १९४८ च्या सुरुवातीला हैदराबाद सोडून गेली. १७९८ नंतर पहिल्यांदा हे राज्य कोणाच्याही तैनाती फौजेशिवाय उभे होते. दरबाराने तो विजय मानला. लष्करीदृष्ट्या ते उघडे पडणे होते.

कारण स्वतःचे म्हणावे असे फारसे काही नव्हते. सेनापती मेजर जनरल अल इद्रूस अनुभवी अधिकारी होता. त्याच्याकडे नियमित फौज बावीस हजारांच्या आसपास होती, पण त्यातली नीट शिकलेली आणि नीट शस्त्रे असलेली माणसे सहा हजारांच्या घरात. रणगाडे नव्हते, लढाऊ विमाने नव्हती. काही चिलखती गाड्या होत्या. बाकी अरब, पठाण, होमगार्ड आणि पोलीस. शस्त्रे ब्रिटिश हिंदुस्थानाकडून यायची, ती आता दिल्लीने अडवली. पेट्रोल, यंत्रांचे सुटे भाग, औषधे यांचीही नाकेबंदी झाली. लातूरच्या अडतबाजाराला ती लगेच जाणवली असणार. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद रूळगाडी १९११ पासून लातुरात येत होती आणि तिचे दुसरे टोक मुंबई इलाख्यात होते. व्यापाराचा रस्ता सरहद्दीपलीकडे, आणि सरहद्द बंद.

तेव्हा पुन्हा बाहेरचे बळ. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकेस्ट्रियन जातीच्या मोठ्या विमानांत हत्यारे भरून रात्री हैदराबादेत उतरवू लागला. त्याच्या उतरण्याच्या जागांपैकी एक बीदर, उदगीरपासून साठ-सत्तर किलोमीटर. त्या वेळी उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके बीदर जिल्ह्यातच होते. खेड्यापाड्यांत रात्रीच्या विमानांची चर्चा व्हायची आणि ती दिल्लीपर्यंत जायची. हैदराबादला ते हवेच होते. पण विमानातून उतरत होत्या त्या मुख्यत्वे हलक्या बंदुका, दारूगोळा आणि किरकोळ सामान. एका चिलखती डिव्हिजनसमोर त्यांचा काय पाड लागणार?

निजामाने पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्जरोखे दिले, तेही याच आशेने. २१ ऑगस्ट १९४८ ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार गेली. कराची, लंडन, न्यूयॉर्क, पॅरिस, सगळीकडे दारे ठोठावून झाली. एक दार राहिले, ते घरातले.

त्या दारावर रझाकार उभे होते. त्यांची संख्या दोन लाखांपर्यंत सांगितली जायची. भाले, तलवारी, भरमार बंदुका, काहींकडे रायफली, खाकी गणवेश आणि कवायत. संघराज्याच्या सैन्याला रोखण्याइतके ते समर्थ नव्हते, पण नि:शस्त्र गाव लुटण्याइतके नक्कीच होते. नांदेड जिल्ह्यात बिलोली तालुक्यातल्या अर्जापूरला स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांचा १९४६ मध्येच खून झाला. १९४८ उजाडता उजाडता खेड्यांत रात्रीची राखण लागली आणि अनेक कुटुंबे सोलापूर, बार्शी, उमरखेडकडे निघून गेली. त्यात आणखी एक धमकी सातत्याने दिली जात होती: संघराज्याची फौज आत आली तर तिला दीड कोटी हिंदूंची हाडे आणि राख तेवढी सापडेल. धाक बसवण्याची ही शेवटची युक्ती. आपलीच प्रजा ओलीस धरायची आणि ती शेजाऱ्याला दाखवायची.

या धमकीने दिल्ली मागे हटली नाही. उलट जे करायचे ते लवकर करावे, असे म्हणणाऱ्यांची बाजू तिने भक्कम केली. आणि ज्यांच्या नावाने हे राज्य स्वतंत्र राहू पाहत होते ते लोक सरहद्दीच्या पलीकडे जाऊन त्याच्याविरुद्ध उभे राहिले. स्टेट काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. बाहेर दिगंबरराव बिंदू, गोविंदभाई श्रॉफ आणि त्यांचे सहकारी संघटन चालवत होते. हद्दीलगत कॅम्प निघाले. यवतमाळ जिल्ह्यातला उमरखेडचा कॅम्प हदगाव आणि किनवट भागासाठी, बार्शीकडचे कॅम्प उस्मानाबाद-लातूर पट्ट्यासाठी. करोडगिरीचे नाके जाळणे, अबकारीचे उत्पन्न बुडवण्यासाठी शिंदीची झाडे तोडणे, पोलीस ठाण्यांवर हल्ले, पाटील-पटवाऱ्यांची दप्तरे जाळणे असे कार्यक्रम चालले. जानेवारी १९४८ मध्ये कॅम्पवरच्या तरुणांनी नांदेड जिल्ह्यातल्या उमरी येथील बँकेवर छापा घालून लाखो रुपये नेले आणि ते लढ्याच्या कामी लावले. या सगळ्याने निजामाची फौज मोठ्या प्रमाणात खेड्यांच्या बंदोबस्तात अडकली. सरहद्द राखायला ठेवायची माणसे आपल्याच लोकांवर नजर ठेवत बसली. शंभर वर्षांपूर्वी हिंगोलीच्या छावणीनेही हेच काम केले होते.

मुसलमानांतही सगळे रझवीमागे नव्हते. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांनी विलीनीकरणाची बाजू मांडली. २१ ऑगस्टच्या रात्री हैदराबादेत त्यांच्यावर हल्ला झाला आणि त्यांचा जीव गेला.

लहान देश मोठ्या शेजाऱ्याला धाकात ठेवूच शकत नाही, असे मात्र नाही. त्याच दशकातले उदाहरण फिनलंडचे आहे. ३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत रशियाने त्याच्यावर हल्ला केला. फिन्निश लोक १०५ दिवस लढले. तहात सुमारे दहावा हिस्सा मुलूख गेला, पण देश राहिला. वीस वर्षांपूर्वी लाल आणि पांढऱ्या बाजूंत यादवी झालेल्या या देशात मजूर आणि जमीनदार एकाच खंदकात उतरले होते. बर्फ, जंगल आणि माहितीची वाट यांचा उपयोग झाला तो तेथील माणसे ती वाट दाखवायला तयार होती म्हणून. दुसरे उदाहरण घराजवळचे, गोव्याचे. नाटोतली मैत्री आणि इंग्लंडशी असलेले जुने करार या भरवशावर सालाझारने गोवा राखायचे ठरवले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गव्हर्नरला शेवटच्या माणसापर्यंत लढायचा हुकूम दिला. गव्हर्नर वासालो इ सिल्वा याने हकनाक रक्तपात टाळला आणि दीड दिवसात शरणागती पत्करली. १९४८ चे हैदराबाद या दोहोंपैकी गोव्याच्या जवळचे होते.

तरीही दिल्लीतली काळजी खोटी नव्हती. इंग्रज सरसेनापती जनरल रॉय बुचर शेवटपर्यंत साशंक होता. काश्मीरमध्ये लढाई चालू असताना दुसरी आघाडी उघडू नये, पाकिस्तानने मुंबई किंवा अहमदाबादवर विमाने पाठवली तर काय, असे त्याचे म्हणणे. त्या अर्थाने हैदराबादचा आव अगदीच वाया गेला नाही. काही महिने त्याने मिळवले. त्या महिन्यांचा उपयोग रयतेशी तडजोड करायला झाला असता तर इतिहास वेगळा झाला असता. जून १९४८ मध्ये माउंटबॅटन देश सोडून जाण्यापूर्वी जो मसुदा समोर होता त्यात हैदराबादला बरीच स्वायत्तता मिळत होती. दिवाण मीर लायक अलीच्या दरबाराने तो नाकारला.

१३ सप्टेंबर १९४८ ला पहाटे चार वाजता मेजर जनरल जयंतनाथ चौधुरींची पहिली चिलखती डिव्हिजन सोलापूरहून निघाली. जीना जाऊन दोनच दिवस झाले होते. हैदराबादच्या योजनेत नळदुर्गचा मोठा वाटा होता. इथला बोरी नदीवरचा पूल उडवायचा आणि किल्ल्याच्या आडोशाने रस्ता अडवायचा. पूल उडवण्याआधीच भारतीय पायदळाने तो जशाच्या तसा ताब्यात घेतला. संध्याकाळपर्यंत रणगाडे उमरग्याला पोहोचले, साठेक किलोमीटर आत. उत्तरेकडून दुसरी फळी औरंगाबाद आणि जालना घेत आली. तिच्यातली एक तुकडी मोमिनाबाद आणि लातूरच्या अंगाने उतरली. कंटिन्जंटची जुनी छावणी असलेल्या मोमिनाबादला गोवळकोंडा लान्सर्सनी नावापुरता प्रतिकार करून शस्त्रे खाली ठेवली. उस्मानाबादला रझाकार थोडे चिवटपणे झुंजले. बीदरची धावपट्टी १७ तारखेला गेली. त्याच दिवशी संध्याकाळी निजामाने रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली आणि १८ ला अल इद्रूसने चौधुरींसमोर शरणागती दिली. उदगीर, औसा, कंधार या तिन्ही किल्ल्यांचा या मोहिमेत कुठे उल्लेखही येत नाही. वाटा आता डांबरी होत्या आणि त्या किल्ल्यांना वळसा घालून जात होत्या.

मराठवाडा १७ सप्टेंबर मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो, आणि त्याला कारण आहे. पण या चार दिवसांनंतरचे आठवडे त्या दिवसाच्या भाषणांत क्वचित येतात. रझाकार पळाले, पकडले गेले किंवा मारले गेले, आणि ज्यांनी कधी भाला उचलला नव्हता अशा हजारो मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली सरकारने पाठवलेल्या सदिच्छा समितीने राज्यभर २७ ते ४० हजार माणसे गेली असावीत, असा अंदाज दिला. सर्वाधिक झळ बसलेले चार जिल्हे म्हणून उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड यांची नावे घेतली. लातूरबद्दल समितीने लिहिले की कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीपैकी समितीला तिथे जेमतेम तीन हजार दिसले. बरेच मेले होते, बरेच पळाले होते. हा अहवाल २०१३ पर्यंत जनतेसमोर आला नाही. रझवीने ज्यांचे नाव घेऊन लातुरातून आव्हान दिले होते, त्याच लातुरातल्या त्याच्या शेजाऱ्यांनी त्याची किंमत मोजली. त्यात विणकर होते, हमाल होते, छोटे दुकानदार होते.

खुद्द रझवी १९५७ पर्यंत तुरुंगात राहिला, सुटल्यावर पाकिस्तानात गेला आणि १९७० मध्ये कराचीत वारला. निजाम राजप्रमुख झाला. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार पुनर्रचनेत हैदराबाद राज्यच मोडले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर बीदरहून उस्मानाबादेत आले. १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा निघाला तेव्हा हे तालुके त्यात गेले.

एक हिशेब मात्र लंडनमध्ये उघडाच राहिला होता. १९४८ च्या सप्टेंबरात, मोहिमेच्या सुमारास, हैदराबादचा परराष्ट्र मंत्री मोईन नवाज जंग याच्या सांगण्यावरून तिथल्या बँकेतले दहा लाख पौंडांहून थोडे अधिक पैसे पाकिस्तानचे उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या खात्यावर वळवले गेले. निजामाने लगेच हरकत घेतली आणि बँकेने रक्कम गोठवली. सत्तर वर्षांत ती व्याजाने सुमारे साडेतीन कोटी पौंड झाली. खटल्यात पाकिस्तानने मांडलेल्या मुद्द्यांपैकी एक असा होता की ही रक्कम म्हणजे हैदराबादला पुरवलेल्या शस्त्रांचा मोबदला. २ ऑक्टोबर २०१९ ला न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला. कॉटनच्या विमानांतून शस्त्रे गेली आणि पाकिस्तानचा त्याला हातभार होता, हे त्यांनी मान्य केले, पण ही रक्कम त्या शस्त्रांपोटी दिल्याचे दिसत नाही म्हणून मोबदल्याचा दावा फेटाळला. पैसे निजामाच्या वारसांना आणि भारत सरकारला मिळाले.